पंधरावा

माझे पॅड चादरीचे होते.
ज्या चादरीवर मोर उलटा विणला जायचा
ती कारखान्यातून सेकंडमध्ये निघायची, वडील घरी आणायचे.
चौघडी करून मी ती पायांना गुंडाळायचो,
वर ताण्याचं सूत, सात वेढे.
उजागरसिंग हसायचा नाही.
गाठ ओढून बघायचा, म्हणायचा, "ढिली है बे."
ते 'बे' त्यानं सोलापुरात उचललेलं,
बाकी सगळा जालंधरकडचा.

होटगी नाक्यापाशी त्याचं वेल्डिंगचं दुकान.
ट्रकच्या पाट्यांचा ढीग, ग्रीसचे डबे,
त्यामागे तुतीच्या लाकडाची एक स्टिक.
कोण म्हणायचं, रेल्वेकडून खेळलाय.
कोण म्हणायचं, कसलं काय की, क्लीनर होता.
पाच वाजले की स्टिकच्या वाकड्या टोकानं
तो शटर खाली ओढायचा
आणि तीच खांद्यावर टाकून मैदानावर यायचा.

मैदान म्हणजे नुसता मुरूम.
चेंडू कुठं उडेल ते चेंडूलाही ठाऊक नसायचं.
"इथं अडवलास तर गवतावर झोपेत अडवशील."
गवताचं मैदान आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

पंच्याहत्तर साल, क्वालालंपूर, समोर पाकिस्तान.
रेडिओ ट्रकच्या बॉनेटवर, वायर बॅटरीला,
भोवती सुटलेल्या पाळीचे लोक
आणि जायच्या पाळीचे, न गेलेले.
आपण एक गोल मागं.
मग पेनल्टी कॉर्नर, एका सरदाराचा फटका, बरोबरी.
मग अजून एक,
आणि नाक्यावर कुणी कुणाला मिठी मारली
त्याचा हिशेब राहिला नाही.
उजागरसिंग तेवढा आत निघून गेला.
मी पाहिलं, पाठमोरा उभा होता,
सोडलेली पगडी पुन्हा बांधत, सावकाश,
बीमवर सूत चढवावं तशी.

चौऱ्याऐंशीचा नोव्हेंबर.
दिल्लीच्या बातम्या आल्या आणि शटर भरदुपारी खाली आलं.
बायको, पोरं, तो, सगळे आत.
मी काही ठरवलं नव्हतं.
चादर गुंडाळली, सूत बांधलं,
शटरसमोर स्टूल टाकून बसलो.
रात्री नरसय्या येमुल आला, आमचा फुलबॅक,
मग मकबूल बागवान,
मग डाव्या विंगेचा गुरुनाथ, नेहमीसारखा उशिरा.
चार रात्री.
शटरखालच्या फटीतून चहाचे पेले सरकत यायचे.
कुणी आलं नाही.
एरवी मी गोल खाणारा माणूस.
तो एकच सामना शून्य-शून्य सुटला.

म्हातारपणी एकदाच बोलला.
"तिकडं एक गाव आहे, संसारपूर.
त्या एवढ्याशा गावातून चौदा जण ऑलिंपिकला गेले म्हणतात.
कुणी भारताकडून, कुणी केनियाकडून, कुणी कॅनडाकडून.
माझं गाव ओढ्याच्या अलीकडं.
गुडघा गेला नसता तर पंधरावा मी."
मग भिंतीकडं बघत राहिला.
"पंधरावा सोलापूरला आला."
आणि हसला, मी पाहिलेलं पहिलं हसू,
पुढचे दोन दात नसलेलं.

टोकियोचं कांस्य मी चादरींच्या शोरूममध्ये पाहिलं,
गिऱ्हाईक ताटकळत ठेवून.
एकेचाळीस वर्षांनी पदक, निवेदकाचा घसा बसलेला.
किती पोरांच्या डोक्यावर केसांची गाठ, गाठीवर पटका.
मी बोटांवर मोजत होतो
आणि आकडा काहीही येवो,
शेवटी एक जास्तच धरत होतो.

संध्याकाळी नाक्यावर गेलो.
दुकान आता नातवाचं. त्याला हॉकी येत नाही,
मोबाईलवर क्रिकेट बघतो.
शटर मात्र तो त्याच स्टिकनं ओढतो.
टोक झिजलंय, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय.
पत्रा खाली आदळतो
तो आवाज थेट गोलच्या फळीवर चेंडू लागल्याचा,
आणि नाक्यावर, भर रहदारीत,
माझा डावा पाय बाहेर जातो.